पावसाळाभर बांधलेले गळ

निशिगंधानं चहाचा ट्रे ठेवला तेव्हा उदयसिंहाला दिसलं, की बाकीचे कप भरलेले आहेत आणि आपला अर्धाच आहे. आदर्श, त्याचा मुलगा, मोबाईलवर कुणाला तरी माल कधी पोचेल ते कळवत होता. बायको, अनुजा, खिडकीशी बसून घेवडा मोडत होती. निशिगंधानं, सुनेनं, तो अर्धा कप उचलून त्याच्यासमोर ठेवला आणि ठेवता ठेवता कपाचा कान डावीकडं फिरवला, म्हणजे त्याच्या चांगल्या हाताला सापडावा. फार सहज केलं तिनं ते. आधी मनात करून बघितल्याशिवाय इतकं सहज कुणाला जमत नाही, असं त्याला वाटलं. उजवा हात मांडीवर पडला होता आणि त्याचा अंगठा शेजारच्या बोटावर फिरत होता, तंबाखू मळावी तसा. जन्मात त्यानं तंबाखू खाल्ली नव्हती. मार्चपासून हा हात बसल्या जागी कुणा परक्या माणसाची तंबाखू मळत होता. त्यानं डाव्या हातानं कप उचलला, दोन घोटांत संपवला. निशिगंधा म्हणाली, “पप्पा, अजून देऊ थोडा?”

थोडा. तो शब्द त्याच्या डोक्यात जाऊन बसला. शब्दापेक्षा तो आवाज. पाळण्यात झोपलेल्या मुलाशेजारी बोलावं तसा आवाज या घरानं मार्चपासून काढला होता आणि आता तो भिंतींना, पडद्यांना, जेवणाच्या ताटांनाही लागला होता. ज्या माणसानं शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीच्या धडधडीवर आवाज चढवून अख्ख्या शेडला कामाला लावलं, ज्याची हाक गेटवरच्या वॉचमनला ऐकू जायची आणि ज्याच्या शिव्या खाल्लेले मोल्डर पुढं त्याच शिव्या कौतुकानं सांगायचे, त्याच्याशी आता सगळे कुजबुजत होते. त्याला वाटलं, तिनं भरलेला कप द्यावा, आपण सांडावा, सतरंजी खराब व्हावी, आणि कुणीतरी म्हणावं, काय हो, बघून प्यायला येत नाही का. असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तो उठला, उद्याची तयारी करायची आहे म्हणाला. आदर्शनं मान वर न करता विचारलं, गाडी शिवशरणकाकाच चालवणार ना, आणि होडीत लाइफ जॅकेट घालाल ना. अनुजा घेवडा मोडत राहिली. उद्याच्या जाण्याबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती, आणि तिच्या न बोलण्यातही त्याला तोच मऊपणा ऐकू आला. जिना चढताना त्याचा उजवा पाय फरशीला घासला. खालून कुणी काही म्हटलं नाही. ऐकलं मात्र सगळ्यांनी.

मार्चमध्ये डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तो आणि अनुजा शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले होते. डॉक्टर तरुण होता, हसतमुख. त्यानं उदयसिंहाला बोटं उघडमीट करायला लावली, एक रेघ काढायला लावली, मग खोलीतून दारापर्यंत चालायला लावलं आणि म्हणाला, बघा, चालताना उजवा हात हलत नाही. हे तो अनुजाला म्हणाला. उदयसिंहाला नाही. त्याच क्षणी त्याच्यावरचा मालकीहक्क या टेबलावरून त्या टेबलावर गेला, असं त्याला आजही वाटतं. मग कंपवात हा शब्द आला, मग गोळ्यांची नावं आली, बरा होत नाही पण आटोक्यात राहतो असं एक वाक्य आलं. तो उठून बाहेर पडला. अनुजा मागं थांबून गोळ्यांच्या वेळा विचारत होती. गाडीत बसल्यावर ती काहीतरी बोलायला लागली, तेव्हा त्यानं आदर्शला फोन लावायला सांगितला आणि पूर्ण रस्ता कास्टिंगमध्ये, ओतलेल्या लोखंडात, हवेचे बुडबुडे का राहतात यावर बोलत राहिला. तिनं पुन्हा विषय काढला नाही. आपण रडलो नाही, कुणाला रडू दिलं नाही, याचा त्याला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता.

आणि मग पावसाळा आला. फौंड्रीत जाणं कमी झालं, कारण आदर्श आता त्याच्या खुर्चीत बसायचा आणि उदयसिंह गेला की उठून उभा राहायचा, तेही त्याच मऊपणानं. पंचगंगेचं पाणी चढलं, खालचे रस्ते बंद झाले. वरच्या खोलीत दार लावून उदयसिंह गळ बांधायला बसू लागला. फ्लाय म्हणतात त्याला. टेबलाच्या कडेला बसवलेल्या चिमुकल्या शेगड्याच्या जबड्यात गळ घट्ट धरायचा, त्यावर बोकडाचे पांढरे केस, कोंबड्याची पिसं, चंदेरी तारा दोऱ्यानं आवळत जायच्या, की पाण्यात ती एखादी घाबरलेली मासोळी वाटावी. हे वेड त्याला आणि शिवशरणला जुनं होतं. लांब लवचिक काठी, जाड दोर, आणि टोकाला हे वजन नसलेलं पीस. वजन दोराला असतं, दोर हवेत मागं-पुढं खेळवत पीस दूर टाकायचं. दरवर्षी दसरा झाला, खाडीचं गढूळ पाणी निवळलं, की दोघं गगनबावड्याचा घाट उतरून देवगडच्या अलीकडं एका खाडीत आपली छोटी होडी पाण्यात घालायचे. पकडलेला मासा सोडून द्यायचे. तालमीतले जुने सोबती त्यावरून त्याला छळायचे, सोडायचाच हुता तर गेलतास कशाला म्हणून. त्याला उत्तर देता यायचं नाही आणि द्यावंसं वाटायचंही नाही.

यंदा एक फ्लाय बांधायला अख्खी दुपार लागायची. हात कामात असला की थरथर थांबायची, पण बोटं जड झाली होती, ओल्या वाळूत घातल्यासारखी. दोरा सुटायचा, पिसं उडून जायची, तो जमिनीवर गुडघे टेकून ती शोधायचा, पुन्हा पहिल्यापासून. अनुजा दाराशी येऊन जेवायला बोलवायची. तो आतूनच नंतर म्हणायचा. कधी ती थोडा वेळ दाराबाहेर थांबलेली कळायची, चाहूल यायची, मग जिन्यावर पावलं. त्याला तिचं ते थांबणंही नको होतं. प्रत्येक फ्लाय पुरी झाली की तो ती चिमट्यात धरून दिव्यासमोर फिरवायचा आणि त्याला एक रासवट समाधान व्हायचं. हे मी केलं. या हातानं केलं. तुमच्या कुजबुजीला न विचारता. गणपतीपर्यंत त्याचा फ्लाय ठेवायचा खणाखणांचा डबा भरला. शेवटची फ्लाय ठेवून त्यानं झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवला. त्यानंतर तो त्यानं उघडला नव्हता. सुट्ट्या नोटा मोजून ठेवणाऱ्या माणसासारखा तो फक्त जाता-येता कपाटाकडं बघायचा.

पहाटे शिवशरण गाडी घेऊन आला. गडहिंग्लजचा, कापडाच्या व्यापारातला, गळ्यात लिंग, आयुष्यात अंडंही न खाल्लेला माणूस. कॉलेजात दोघं एका खोलीत राहिले होते. मासे धरण्याचं आपलं वेड त्यानं घरी कधी धडपणे सांगितलं नव्हतं. त्याच्या आईला, गौराबाईंना, अगदी शेवटपर्यंत वाटायचं, की पोरगा दरवर्षी कोकणात गिऱ्हाइकाकडं जातो. घाटात धुकं होतं. शिवशरण नेहमीपेक्षा हळू चालवत होता आणि उदयसिंहाला तेही टोचलं. एका वळणावर शिवशरणनं विचारलं, गोळी घेतलीस का. उदयसिंहानं काच खाली केली आणि गार हवेत तोंड धरलं. यालाही फोन गेला असणार, त्याला वाटलं. आदर्शनं केला असेल, किंवा अनुजानं. काका, जरा लक्ष ठेवा. त्याला दिसलं, की सगळीकडं आपल्या पाठीमागं अशी वाक्यं चालली आहेत, घरात, ऑफिसात, फोनवर, आणि आपण खोलीत शिरलो की ती थांबतात.

खाडीवर ऊन नुकतंच उतरत होतं. भरती लागली होती, पाणी हिरवं, खालची वाळू दिसेल इतकं स्वच्छ, आणि काठच्या खारफुटीच्या मुळांत बोई माशांची पिल्लं थव्यानं वळत होती. शिवशरणनं इंजिन बंद केलं, वल्ह्यानं होडी मुळांपासून बेताच्या अंतरावर आणली. दोराला फ्लाय बांधायची वेळ झाली तेव्हा उदयसिंहानं डबा त्याच्याकडं दिला. दोराच्या टोकाच्या बारीक तंगूसाची, त्या नायलॉनच्या धाग्याची, गाठ त्याला आता येत नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. शिवशरणनं डबा उघडला, एक फ्लाय उचलून जवळ धरली, थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं उदयसिंहाकडं पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की उदयसिंहानं नजर पाण्याकडं वळवली. पुन्हा तीच कीव, तो मनात म्हणाला. मित्रसुद्धा गेला.

मग तो होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेत, उभा राहिला आणि काठी उचलली. हे क्षण त्याच्यासाठी उरले होते. दोर मागं गेला, हवेत सरळ झाला, काठी वाकली, आणि हात थांबला. म्हणजे थरथर थांबली. हात स्वतःचा झाला. मागं, थांबा, पुढं. मागं, थांबा, पुढं. खांद्यापासून मनगटापर्यंत एक जुनी, ओळखीची रेघ ओढली गेली आणि दोर पुढं उलगडत खारफुटीच्या सावलीत जाऊन पडला, इतका हलका, की पाण्यालाही कळलं नसेल. डॉक्टरला हे बघायला आणावं, असं त्याला वाटलं. आदर्शला, निशिगंधाला, सगळ्यांना काठावर ओळीनं बसवावं. दोर पाण्यावर स्थिर झाला आणि बोटं पुन्हा तंबाखू मळू लागली. त्यानं घाईनं दोर ओढून घेतला. लहान लहान हिसक्यांनी फ्लाय पाण्याखाली पळू लागली, आणि सावलीतून एक तांबूस अंग सुटलं, वळलं, आणि दोराला ताण बसला.

तो ताण त्याच्या छातीपर्यंत आला. तांबोसा होता, चांगला दांडगा. त्यानं दोर आवळला, काठी वर घेतली, एक क्षण दोघंही एकमेकांना बांधलेले होते, आणि मग काही नाही. दोर सैल. त्यानं शिवी हासडली. शिवशरण मागून म्हणाला, जाऊ दे, झालं की. उदयसिंहानं पुन्हा टाकला. पुन्हा मासा आला, पुन्हा ओढ, पुन्हा सैल. नंतर एक जिताडा आला, रुपेरी, हातभर लांब, तो फ्लाय घेऊन चक्क पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकलं आणि फ्लाय हवेतून उदयसिंहाकडं परत आली. सकाळ चढली तसतसं हे होतच राहिलं. इतके मासे त्या खाडीत कित्येक वर्षांत आले नव्हते आणि एकही लागत नव्हता. उदयसिंहाला आता माशाचा राग नव्हता, हाताचा होता. ओढ बसते त्या पळभरात हात उशीर करतो, दुसरं काय. टाकताना शहाण्यासारखा वागतो आणि ऐन वेळी दगा देतो. त्यानं उजवा हात होडीच्या काठावर आपटला. पुन्हा आपटला. शिवशरण म्हणाला, बास कर. तेही हळूच म्हणाला. उदयसिंहाला त्या क्षणी कुणी कानफटात मारली असती तर त्यानं त्याला मिठी मारली असती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा वाऱ्यानं दोराचा गुंता झाला. सोडवता सोडवता फ्लाय त्याच्या हातात आली. चष्मा पिशवीत होता. त्यानं सवयीनं पांढऱ्या केसांत अंगठा घालून टोक तपासलं, धार गेली का बघायला, आणि अंगठ्याला काही लागलं नाही. त्यानं पुन्हा चाचपलं. केसांच्या आत गळाची सरळ दांडी होती आणि जिथून ती वळायला हवी तिथं ती संपत होती. सपाट, तोडलेली. त्यानं चष्मा काढायला पिशवी उपडी केली. डबा उघडला. एकेका खणातून एकेक फ्लाय उचलून तो बघत गेला, उन्हात धरून, आणि प्रत्येकीचा वाक कापलेला होता. सगळ्यांचा. पिसं तशीच, केस तसेच, दोऱ्याचा प्रत्येक वेढा तसाच, त्या सगळ्या दुपारी तशाच, फक्त ज्यासाठी ते सगळं होतं तेवढंच नव्हतं. सकाळपासून तो खाडीतल्या माशांना पिसं चारत होता. सकाळपासून हात बरोबर होता.

त्यानं शिवशरणकडं बघितलं. सकाळी डबा यानं उघडला. यानं गाठ बांधली. यानं बघितलं. “तुला ठावं हुतं,” उदयसिंह म्हणाला. आवाज त्याला स्वतःला ओळखू आला नाही, इतका बारीक निघाला.

शिवशरणनं वल्हं आत घेतलं. तो म्हणाला, “मला वाटलं तूच कापलेस.”

आणि मग त्यानं सांगितलं. सकाळी डबा उघडला, कापलेले गळ बघितले, आणि मनात आलं, की उदयाला आता कशाला टोचायचं नको वाटत असेल. मासा यावा, ओढ लागावी, आणि आपला आपण निघून जावा, एवढंच हवं असेल. म्हणून तो काही बोलला नाही. सकाळपासून मी मनात तुला हात जोडत होतो, शिवशरण म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आलेले दिसले. उदयसिंहाला वाटलं, आता आपलं डोकं फुटेल. म्हणजे याच्या लेखी आपण एका सकाळीत संत झालो होतो. आजारी माणसाचं एवढंच होतं, एक तर बाळ होतं, नाही तर संत. तो उभा राहिला, होडी कलली, आणि तो ओरडला, कुणाला असं नाही, खाडीवर, खारफुटीवर. कडेचे बगळे उडाले. मला मासा पाहिजे होता, तो ओरडला, मला दया सुचली नव्हती, मला सुचतही नाही. मग त्यानं शिवशरणकडं त्याचा डबा मागितला. शिवशरणनं दिला. उदयसिंहानं त्यातली एक धड गळाची फ्लाय उचलली आणि तंगूस तिच्या नेढ्यातून ओवायला बसला. शिवशरणनं हात पुढं केला तेव्हा त्यानं तो झटकला. रागानं थरथर दुप्पट झाली होती, आता कामातही थांबत नव्हती. तंगूस नेढ्याच्या डावीकडून जायचं, उजवीकडून जायचं. पाणी उतरायला लागलं. मुळं उघडी पडली, बोईची पिल्लं खोल पाण्याकडं निघून गेली. कधीतरी फ्लाय बोटांतून निसटली आणि होडीबाहेर गेली. हिरव्या पाण्यात ती हळूहळू खाली जाताना दोघंही बघत राहिले.

काठावर आल्यावर त्यानं गाडीची किल्ली मागितली. मी चालवतो म्हणाला. शिवशरणनं किल्ली मुठीत धरली आणि मार्चपासून पहिल्यांदाच त्याच्याशी मोठ्यानं बोलला. “तुला मरायचं तर तू मर की. मला लेकीचं, विद्याश्रीचं लगीन करायचं हाय अजून. बस गप पलीकडं.” उदयसिंह पलीकडं जाऊन बसला. घाट चढेपर्यंत दोघांत शब्द झाला नाही, पण त्या न बोलण्यात आता काही मऊ नव्हतं, आणि उदयसिंहाला गाडीत नीट बसवेल एवढी जागा त्यात झाली.

कुणी कापले, हे तो पूर्ण रस्ता उकरत होता. आदर्श असेल. त्याला सुरक्षिततेचे बोर्ड लावायची हौस आहे, शेडमध्ये दर खांबावर एक लावलाय. निशिगंधा असेल, आधी अर्धा कप, मग अर्धा गळ. तिघांनी मिळून ठरवलं असेल, जेवणाच्या टेबलावर, तो वर असताना. पप्पांच्या डोळ्यात बिळ्यात जाईल. शिवशरणकाकांना लागेल. त्यांना कळणार पण नाही. ते शेवटचं वाक्य त्याला निशिगंधाच्या आवाजात ऐकू येत होतं, आणि कळे गाव मागं पडेपर्यंत त्यानं तिला, मुलाला, सगळ्यांना काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं. त्याला आपला जुना आवाज घशात परत येतोय असं वाटत होतं. तो साठवून त्यानं कोल्हापूरपर्यंत आणला.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आदर्श अजून शिरोलीहून आला नव्हता. स्वयंपाकघरात अनुजा तांदूळ धूत होती आणि निशिगंधा कोथिंबीर निवडत होती. त्यानं डबा ओट्यावर आपटला. झाकण उघडलं, पांढरी पिसं ओल्या ओट्यावर सांडली. त्यानं विचारलं, हे कुणी केलं. निशिगंधा डब्याकडं बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला लगेच कळलं, की हिला यातलं काही माहीत नाही. जुळवून आणलेलं निम्मं बोलणं तिथंच फुकट गेलं.

“मी,” अनुजा म्हणाली. तिनं तांदळाचं पाणी ओतलं, भांडं बाजूला ठेवलं.

तो ओरडला. जुना आवाज आला, पुरता. भीती वाटत होती तर तोंडानं सांगायचं होतं, तो म्हणाला, मी काय लहान पोर आहे, चोरून काढून घ्यायला. माझ्या डोळ्यात जाईल, शिवशरणला लागेल, पाण्यात पडेन, जे काय वाटत होतं ते मला सांगायचं. काळजी करायची तर माणसासारखी करायची. मला तुमची ही काळजी नको, मला ही—

“काळजी?” अनुजा म्हणाली. ती कागलची. लग्नानंतर तिनं आपली बोली शहरात बेताची केली होती, ती आता सुटली. “कुणी केली काळजी? मला राग आलता.”

तो थांबला. निशिगंधानं गॅसकडं बघितलं, मग दाराकडं, मग कोथिंबीर तशीच ठेवून ती बाहेर गेली.

राग आलता, अनुजा पुन्हा म्हणाली. डॉक्टरानं दोघांस्नी एका खोलीत बसवून सांगितलं. तुम्हाला एकट्याला नव्हतं सांगितलं. मी पण तिथंच हुते. गाडीत मी बोलाय लागले तर तुम्ही बुडबुड्याचं बोलत बसला. त्या दिवसापासनं आजपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर त्यावर एक शब्द बोलला न्हाई. पावसाळाभर दार लावून बसला. मी दाराबाहेर उभी ऱ्हायची, आत कात्रीचा आवाज यायचा, तुम्ही खाली पडलेलं पीस शोधताना गुडघं वाजायचं, ते सगळं ऐकायची. हाक मारली तर नंतर. मग एक दिवस, नवरात्रातल्या अष्टमीला, कपाट आवरताना डबा दिसला. उघडला. एवढं बारीक, एवढं देखणं काम. एवढा जीव ह्यात घातलाय आणि माझ्यासाठी दोन वाक्यं न्हाईत ह्या माणसाकडं. तेव्हा कापलं. एकेक करून. लई बरं वाटलं कापताना, ती म्हणाली, आणि सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही.

उदयसिंहाचा राग होता, जागच्या जागी होता, पण तो ज्यावर रचला होता ते सगळं खालून काढून घेतल्यासारखं झालं होतं. या घरातला मऊपणा तो महिनोन् महिने चाटत, थुंकत बसला होता आणि त्याच्या शेजारी, एकाच पलंगावर, हे धगधगत होतं. त्याला काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, कशानं कापलेस.

“तुमच्याच पक्कडीनं.” तिनं उजवा हात त्याच्यासमोर उघडला. तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, फोड येऊन गेलेल्या जागा होत्या, कातडी नवी, गुलाबी, कडेनं अजून खरबरीत. “पोलाद हाय ते. सहज तुटत न्हाई. फोड आले, फुटले, त्याच हातानं दसऱ्याला पुरण वाटलं, तुम्हाला वाढलं. समोर बसून जेवला की. दिसलं न्हाई. मार्चपासनं ह्या घरात एकच हात हाय, तुमचा.”

तो तिच्या तळव्याकडं बघत राहिला. त्याला मोल्डरांचे हात माहीत होते, भाजलेले, चिरलेले, लांबून ओळखायचा तो, याला हातमोजे द्या म्हणून ओरडायचा. हा हात त्यानं किती काळ बघितला नव्हता ते त्याला आठवेना. बोटांच्या पेरांना अजून कालच्या घेवड्याचा हिरवा डाग होता. तांदळाच्या पाण्यानं कातडी सुरकुतली होती. तिनं हात मागं घेतला नाही आणि त्यानं तो धरला नाही.

“मी पावसाळाभर बांधले हुते ते,” तो शेवटी म्हणाला. अजून रागानंच म्हणाला, पण निम्म्यातच तो राग नुसताच मोठा आवाज होऊन राहिला.

“आणि मी काय केलं पावसाळाभर? इचारलंय कधी?”

बाहेर फाटक वाजलं, आदर्शची गाडी आत आली. निशिगंधा त्याला अंगणातच थांबवून काहीतरी दबक्या आवाजात सांगू लागली. उदयसिंहानं खिडकीतून दोघांना सांगितलं, की बाहेरच थांबा जरा, आणि हळू बोलायचं काही कारण नाही. मग त्यानं स्टूल ओढलं. स्टूल फरशीवर करकरलं. तो बसला. उजवा हात मांडीवर सुरू झाला, त्यानं तो लपवला नाही.

“काय केलंस?” त्यानं विचारलं.

“सांगते,” अनुजा म्हणाली. तिनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले, आणि डॉक्टरच्या खोलीतून तो निघून गेल्यावर आपण तिथं एकटीच किती वेळ बसलो इथपासून सांगायला सुरुवात केली. तिचा आवाज चढत चालला होता. अंगणात ऐकू जात होता, बहुतेक रस्त्यावरही. हळू बोल असं तो तिला म्हणाला नाही.